सांधा काही जुळेना

आगगाड्यांच्या कॉम्प्युटर गेमची जाहिरात पाहिली की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते इंजिन. धूर सोडणारं, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा. पैसे मोजून गेम घेणारा गृहस्थ असं धरून चालतो की आपण आता रेल्वे कंपनीचे मालक होणार, भांडवल उभारणार आणि प्रतिस्पर्ध्यांना धूळ चारणार. प्रत्यक्षात पहिले काही तास त्याला गँगमनचं काम करावं लागतं, तेही बिनपगारी. या गावापासून त्या गावापर्यंत एक सरळ रूळ न्यावा, एवढीच त्याची माफक इच्छा असते. तो माउस दाबतो आणि स्क्रीनवर लाल चौकट उमटते: जमिनीचा उतार चुकीच्या दिशेला आहे. माउस नखभर डावीकडे सरकवला तर आधी इमारत पाडावी लागेल म्हणून कळतं. नखभर उजवीकडे नेला तर रूळ पडतो, पण नव्वद अंशांनी भलतीकडेच वळलेला.

वाहतुकीच्या खेळांचे शौकीन आपसांत भांडतात तेव्हा इंजिनांवरून क्वचितच भांडतात. वाफेचं इंजिन सगळ्यांनाच आवडतं, त्यात भांडण्यासारखं काही नाही. जुंपते ती कुठल्या गेममध्ये रूळ नीट टाकता येतात यावरून. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल, पण मुद्दा रास्त आहे. गाडी घेणं म्हणजे यादीतून एक नाव निवडणं. माल कुठून उचलायचा ते कोळशाची खाण स्वतःच ओरडून सांगते. डोकं लागतं ते रूळ टाकायला. खरा खेळ तोच, बाकी सगळी त्याची सबब.

हे दुखणं घराघरांत कॉम्प्युटर येण्याच्याही आधीचं आहे. फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज गृहस्थांनी 1974 साली ‘1829’ नावाचा पटावरचा खेळ काढला. षटकोनी पुठ्ठ्यांवर रुळांचे तुकडे छापलेले, ते नकाशावर ठेवत ठेवत मार्ग वाढवायचा. याच ट्रेशम यांनी 1989 मध्ये ‘1853’ काढला. हे साल मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतं: बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल, 14 डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. खेळ भारतातल्या रेल्वेवरच बेतलेला होता आणि त्यात रुंद आणि अरुंद असे दोन्ही प्रकारचे रूळ होते. पटावर एक सोय असते. पुठ्ठा हातात घेऊन सहाही बाजूंनी फिरवून पाहता येतो, आणि समोरचा वैतागून ‘अहो, टाका एकदाचं’ म्हणेपर्यंत कुणी हिशोब मागत नाही.

ट्रेशम यांच्या परंपरेतला ‘1830’ अमेरिकेत अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने छापला, तेव्हा त्यावर काम करणारे ब्रूस शेली पुढे मायक्रोप्रोज कंपनीत गेले आणि सिड मायर यांच्या जोडीने ‘रेलरोड टायकून’ बनवण्यात गुंतले. साल 1990. पुठ्ठा गेला आणि कीबोर्ड आला. उजव्या हाताच्या आकड्यांच्या बटणांवर बोट ठेवायचं, शिफ्ट दाबायची आणि ज्या दिशेचं बटण दाबाल त्या दिशेला एक चौकोन रूळ पडायचा. दिशा आठ. नदी आडवी आली की पूल कुठला हवा ते गेम विचारायचा. लाकडी पूल स्वस्त, पण पुरात वाहून जाण्याची धास्ती. दगडी पूल भक्कम, पण खिसा रिकामा करणारा. नियंत्रणाच्या दृष्टीने याच्याइतका निर्मळ गेम पुन्हा झाला नाही, असं म्हणणारे जुने लोक अजून भेटतात. एक बटण, एक रूळ. बटण चुकलं तर चूक कुणाची, यावर वाद नाही.

वाद सुरू झाला तो 1994 साली. ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरने ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ लिहिला, जवळजवळ एकहाती आणि असेंब्ली भाषेत. पुढच्याच वर्षी त्याची सुधारलेली डिलक्स आवृत्ती आली. गेम देखणा, गाणी झकास, पण जमीन कोपऱ्याकडून पाहिलेली. चौकोनांची जमीन अशी तिरकी ठेवली की मोठी गंमत होते. जमिनीवर सरळ जाणारा रूळ स्क्रीनवर तिरका दिसतो. स्क्रीनवर बिनचूक आडवा दिसणारा रूळ जमिनीवर चौकोनांचे कोपरे छाटत चाललेला असतो: एका चौकोनाचा वरचा अर्धा भाग, शेजारच्याचा खालचा अर्धा, पुन्हा वरचा. त्यासाठी पट्टीवर चार बटणं होती, दोन तिरप्या रुळांची, एक आडव्याचं आणि एक उभ्याचं. नवशिका गडी डोळ्यांना सरळ दिसतं म्हणून आडवं बटण निवडायचा आणि मग अर्ध्या चौकोनांच्या हिशोबात असा काही अडकायचा की शेवटी स्टेशन एका ओळीत आणि रूळ शेजारच्या ओळीत. मध्ये अंतर एका चौकोनाचं. ते जोडायला जावं तर तिथे नेमकं एक घर.

घर पाडता येतं. सुरुंगाचं बटण आहे. पण घरं पाडली की गावाची मर्जी जाते. झाडं तोडली तरी जाते. मर्जी फारच खाली गेली की स्थानिक प्रशासन जाहीर करतं की या कंपनीला आमच्या हद्दीत बांधकामाची परवानगी नाही. आता यावर उपाय काय? गावाभोवती भराभर झाडं लावायची. वीस झाडं तोडून रूळ टाकायचा, मग चाळीस झाडं लावून मर्जी परत मिळवायची आणि त्या मर्जीच्या बळावर आणखी वीस तोडायची, हा क्रम जगभरच्या खेळाडूंनी आपापल्या अकलेने शोधून काढला. झाड कुठे लावलं याच्याशी गावाला देणंघेणं नसतं, आकडा वाढला की झालं. ज्याला तेवढाही धीर नाही त्याच्यासाठी लाच देण्याचं बटण आहे. ती पचली तर ठीक. एखादे वेळी चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेला येते आणि मर्जी थेट तळाला जाते. हा गेम लिहिणारा माणूस कुठल्या नगरपालिकेत खेटे घालून आला होता की काय, अशी शंका आपल्याकडच्या माणसाला आल्याशिवाय राहत नाही.

या गेमला पुढचं आयुष्य मिळालं ते चाहत्यांकडून. लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश प्रोग्रामरने मूळ गेम उलगडून तो नव्याने लिहिला आणि 2004 मध्ये ‘ओपनटीटीडी’ या नावाने खुला केला. तेव्हापासून हौशी मंडळी त्यात भर घालत आहेत. त्यांनी चार बटणांच्या जोडीला पाचवं दिलं, ऑटोरेल. आता दिशा आधी ठरवायला नको. माउसचा बाण चौकोनाच्या ज्या भागावर असेल त्यावरून गेमच ओळखतो की तुम्हाला कुठला रूळ हवा आहे. कडेजवळ असेल तर एक, मधोमध असेल तर दुसरा, कोपऱ्याशी असेल तर तिसरा. कल्पना उत्तम. मात्र चौकोन स्क्रीनवर बोटाच्या पेरापेक्षा लहान, त्यात हे सगळे भाग. सुईत दोरा ओवणाऱ्या आजीच्या एकाग्रतेने धिप्पाड माणसं श्वास रोखून माउस हलवतात, आणि बटण दाबायच्या क्षणी हात केसभर हलतो.

मग चुकलेला तुकडा काढायचा. ‘मागे घ्या’ अशी सोय ओपनटीटीडीत नाही. त्याऐवजी कीबोर्डवरचा आर दाबायचा, म्हणजे तेच अवजार उलटं चालतं, रूळ टाकण्याऐवजी उपटतं. तुकडा निघतो, जीव भांड्यात पडतो आणि आर पुन्हा दाबायचा राहून जातो. पुढच्या खेपेला गडी मोठ्या आत्मविश्वासाने नव्या मार्गाची लांबच लांब रेघ जुन्या मुख्य मार्गावरून ओढतो आणि मुख्य मार्ग तेवढाच्या तेवढा नाहीसा होतो. पाठोपाठ बातमी येते: अमुक क्रमांकाची गाडी वाट चुकली आहे. वाट चुकली नाही हो, वाटच उरली नाही!

चालू मार्गावर काम काढायचं तर आणखी वेगळाच ताप. सांधा बसवायच्या जागी गाडी उभी असेल तर गेम साफ नकार देतो: गाडी मध्ये आहे. ती जायची वाट पाहावी तर मागून दुसरी येते. मार्ग जितका फायद्याचा, तितकी त्यावर गर्दी आणि तितकीच दुरुस्ती अशक्य. शेवटी खेळाडू दोन्ही टोकांच्या गाड्या थांबवतो, मधला टापू रिकामा होऊ देतो आणि घाईघाईने सांधे टाकतो. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. दर रविवारी सकाळी पेपरात किंवा मोबाइलवर तो हेच वाचत असतो. फरक एवढाच की इथे मेगाब्लॉक जाहीर करणारा, त्यात राबणारा आणि त्यामुळे बुडणाऱ्या उत्पन्नाकडे हताशपणे बघणारा, हे तिघेही एकच. गेम थांबवून ठेवून बांधकाम करू द्यायचं की नाही, याची वेगळी सेटिंग आहे. ती सुरू करणं म्हणजे चीटिंग, असं मानणारे कर्मठ लोक आहेत. त्यांच्या गाड्या नेहमी उशिरा धावतात.

रूळ टाकून झाले की सिग्नल. हा भाग असा आहे की हसत हसत गेम घेतलेली माणसं इथे वही-पेन्सिल घेऊन बसतात. मूळ तत्त्व खऱ्या रेल्वेचंच: दोन सिग्नलांमधला टापू म्हणजे एक ब्लॉक आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. अवजार एकच. रुळावर टिचकी मारली की दोन्ही बाजूंनी सिग्नल, दुसऱ्या टिचकीला एका बाजूचा, तिसऱ्या टिचकीला उलट बाजूचा. कंट्रोल दाबून टिचकी मारली की सिग्नलचा प्रकार बदलतो. प्रकारही एक-दोन नाहीत. साधा सिग्नल, आत शिरतानाचा, बाहेर पडतानाचा, दोन्हींचं मिश्रण, आणि 2009 पासून वाट राखून ठेवणारे पाथ सिग्नल. स्क्रीनवर हे सगळे तांदळाच्या दाण्याएवढे. त्यातला एक उलटा लागला की चाळीस गाड्या रांगेत उभ्या. कुठला उलटा आहे ते शोधायला सुरुवात कुठून करायची, याचं शास्त्र नाही. पहिल्या गाडीपासून मागे मागे जावं, असं म्हणतात. पण रांग गोलाकार झाली की पहिली गाडी कोणती?

रांगेतल्या गाड्याही स्वभावाने विचित्र. लाल सिग्नलपुढे ठरावीक दिवस काढले की त्यांचा धीर सुटतो आणि त्या जागच्या जागी तोंड फिरवून आल्या वाटेने परत निघतात. अख्खी गाडी क्षणात उलटी होते, इंजिन पुन्हा पुढे. ज्यांनी बोरघाटाचा इतिहास वाचला आहे त्यांना हे पाहून हेवा वाटेल. तिथे खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगरात वळायला जागा नाही म्हणून गाडी एका टोकाला न्यायची, थांबवायची आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. 1863 साली घाट खुला झाला तेव्हापासून 1929 पर्यंत हा खटाटोप चालू होता. सॉयरसाहेबांच्या गाडीला त्यासाठी एक पळही लागत नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे तर चढाचंही सांगायला हवं. बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणजे साधारण 2.7 टक्के. ओपनटीटीडीत गाड्यांसाठी चढाची तीव्रता आधीपासून 3 टक्के ठेवलेली असते. तेव्हा स्क्रीनवर एक इवलासा उंचवटा दिसतो आणि खेळाडू ‘एवढ्याशा टेकडीला कोण वळसा घालणार’ म्हणून रूळ सरळ वर चढवतो. कोळशाने भरलेली मालगाडी तिथे माणसाच्या चालीने सरकते आणि मागच्या सगळ्या गाड्या तिच्या पाठी. कर्जतला मागे जोडायची बँकर इंजिनं का असतात, हे ज्याला लोकलच्या खिडकीतून कधी कळलं नाही, त्याला या टेकडीवर कळतं. बोगदा मारायचा झाला तर सोपं आहे: उतारावर टिचकी, पलीकडे त्याच उंचीवर तोंड बाहेर. पण पलीकडे म्हणजे कुठे, हे डोंगराच्या मनावर. शिफ्ट दाबून आधी अंदाजपत्रक पाहता येतं. कोकण रेल्वे बांधणाऱ्यांना पेडण्याच्या ठिसूळ मातीतला बोगदा असा शिफ्ट दाबून बघता आला असता तर त्यांची बरीच वर्षं वाचली असती.

आता थोडं सॉयर यांच्याच ‘लोकोमोशन’ या गेमविषयी, कारण तक्रारींच्या बाबतीत त्याचा मान मोठा आहे. ट्रान्सपोर्ट टायकूननंतर सॉयर यांनी 1999 मध्ये ‘रोलरकोस्टर टायकून’ केला आणि तो तुफान चालला. त्यात जत्रेतल्या झुल्याचा मार्ग तुकड्यातुकड्याने बांधायचा असे. एक खिडकी उघडायची, तीत वळणांची चित्रं, चढउतारांची चित्रं, खाली पुढच्या तुकड्याचं मोठं चित्र आणि त्याची किंमत. वळण निवडा, चढ निवडा, चित्रावर टिचकी मारा. तुकडा बसतो, बाण पुढे सरकतो. झुल्यासाठी हे अप्रतिम होतं. प्रत्येक तुकड्यावर कुणीतरी किंचाळणार असतं, तेव्हा प्रत्येक तुकड्याचा वेगळा विचार करणं योग्यच. मग 2004 मध्ये ‘लोकोमोशन’ आला, खरा वाहतुकीचा गेम, आणि रूळ टाकायला तीच खिडकी. सरळ, टिचकी. सरळ, टिचकी. सरळ, टिचकी. मैदानातून दोन शहरं जोडायची आणि वाटेत एकही माणूस किंचाळणार नाही, तरी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मंजूर करायचा. किंचाळायचा तो खेळाडू. वळणं मात्र देखणी, लहान-मोठी, एस आकाराची, आणि सांधे खऱ्यासारखे. रूळ सुंदर दिसावेत म्हणून टाकणाऱ्याच्या मनगटाचा बळी दिला, असं या गेमबद्दल म्हणता येईल. एकाच माणसाने दहा वर्षांत रूळ टाकण्याच्या दोन टोकांच्या तऱ्हा जगाला दिल्या आणि दोन्हींवर लोक अजून भांडतात.

बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. येता-जाता ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. लोककथा अशी की घाटातून वाट काढताना गोरे साहेब मेटाकुटीला आले, तेव्हा या धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेवरून त्यांना मार्ग दाखवला आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला गोळी आली. नव्या पिढीच्या गेममध्ये शिंग्रोबाचं काम कॉम्प्युटरने घेतलं आहे. चौकोन गेले, हवा तसा वाकणारा रूळ आला. सुरुवात इथे, शेवट तिथे, दोन टिचक्या, मधली वाट गेम सुचवणार. 2003 चा ‘रेलरोड टायकून 3’, 2018 चा ‘रेल्वे एम्पायर’, स्वित्झर्लंडच्या अर्बन गेम्सचे ‘ट्रान्सपोर्ट फीव्हर’ या नावाचे गेम, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच पद्धत. आणि त्यांच्या शिंग्रोबालाही बक्षीस म्हणून शिव्याच मिळतात.

कारण सुचवलेली वाट गेमच्या दृष्टीने निर्दोष असते, पण ती पाहून माणसाच्या पोटात गोळा येतो. ‘ट्रान्सपोर्ट फीव्हर’मध्ये रुळाचं टोक पकडून माउस पुढे नेला की हिरवीगार रेघ डौलात वळत जाते. आणखी थोडं डावीकडे घ्यावं म्हटलं की लाल: वळण फार तीव्र. बरं, मग थोडं दूर नेऊ. लाल: चढ फार. उंची कमी करू. लाल: कशाला तरी धडक बसते आहे. कशाला, ते शोधायला नकाशा फिरवायचा, झूम करायचा, तेवढ्यात माउस हलतो आणि रेघ हिरवी होते. का झाली, ते कळत नाही. कळून घ्यायच्या फंदात न पडता जाणकार लगेच टिचकी मारून टाकतात. मग मागे हटून पाहावं तर सपाट शेतातून मध्येच वीस मीटरचा बांध उभा राहिलेला, त्याच्या पलीकडे तेवढाच खोल चर. गेमने चढ सांभाळला, जमिनीची वाट लावली.

‘सिटीज: स्कायलाइन्स’ या 2015 च्या फिनिश गेमने अशा धडकेसाठी तीन शब्दांचा संदेश ठेवला होता, त्याचा भावार्थ: जागा आधीच व्यापलेली आहे. कशाने व्यापली आहे हे तो सांगत नाही. मोकळ्या माळावरही हा संदेश येतो. खेळाडू याला इतके कंटाळले की कुणीतरी ‘फाइन रोड अनार्की’ नावाची जोडणी बनवली. ती सुरू केली की सगळे नियम गुंडाळून ठेवले जातात. रस्ता घरातून न्या, रूळ पुलाच्या खांबातून न्या, गेम हूं की चूं करत नाही. अराजक हाच सोयीचा मार्ग, हे तत्त्व फिनलंडमधल्या शिस्तीच्या लोकांनी बनवलेल्या गेममध्येच रुजावं, हा योगायोग लोभस आहे.

मोबाइलवर तर बोट हीच अडचण. सॉयर यांचा जुना गेम 2013 मध्ये फोनवर आला, ओपनटीटीडीचीही फोनवरची आवृत्ती आहे, आणि दोन्हीकडे एक पेच कुणाला चुकत नाही: ज्या चौकोनावर रूळ टाकायचा तोच नेमका बोटाखाली झाकला जातो. न्यूझीलंडच्या मंडळींनी ‘मिनी मेट्रो’त यातून सुटका करून घेतली ती जमीनच काढून टाकून. नुसता नकाशा, गोल-त्रिकोण-चौकोन अशी स्टेशनं, त्यांच्यावरून बोट फिरवलं की मार्ग तयार. चढ नाही, वळणाची कटकट नाही, नदीखालून जायला बोगदा असला की झालं. त्यात मुंबईही आहे. प्लॅटफॉर्मवर माणसं साठत जातात आणि कुठलीही रेघ कुठेही ओढली तरी ती साठतच राहतात. नियंत्रणं एवढी सोपी केल्यावर दोष द्यायला काहीच शिल्लक राहत नाही, ही या गेमची एकमेव गैरसोय.

रूळ बदलण्याच्या बाबतीत एक सोय मात्र ओपनटीटीडीत अशी आहे की ती पाहून विदर्भातल्या माणसाचे डोळे पाणावतील. एक अवजार घ्यायचं, नकाशावर मोठा चौकोन ओढायचा, आणि त्यातले सगळे साधे रूळ क्षणात विजेचे किंवा मोनोरेलचे होतात. मूर्तिजापूर–यवतमाळची शकुंतला नॅरोगेजवरून ब्रॉडगेजवर येण्याची वाट किती वर्षं पाहते आहे, हे तिकडच्या कुणालाही विचारावं.

मराठवाड्यातल्या माणसासाठी वेगळा गेम आहे. ‘निंबी रेल्स’मध्ये खऱ्या जगाचा खरा नकाशा असतो, अख्खी पृथ्वी, आणि तीवर हवे तिथे रूळ टाकता येतात. म्हणजे अहिल्यानगर–बीड–परळीही टाकता येते. प्रत्यक्षातल्या या 261 किलोमीटरच्या मार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली आणि बीडमध्ये प्रवासी गाडी पोचली ती सप्टेंबर 2025 मध्ये. या गेममध्ये तेवढं काम चहा निवेपर्यंत होतं. टेंडर नाही, भूमिपूजन नाही, स्टेशनला नाव कुणाचं द्यायचं यावर मोर्चा नाही. आष्टीपाशी वळण जरा विचित्र आलं तर बिंदू पकडून ओढायचा. परळीपर्यंत नेल्यावर माणसाला चेव चढतो आणि तो लगे हात कल्याण–माळशेज–नगरही उरकून टाकतो. मग त्याच्या लक्षात येतं की हा गेम वेळापत्रकावर चालतो. रूळ अर्ध्या तासात झाले, वेळापत्रक जुळवायला आठवडा. घरातून हाक येते, ‘अहो, ताटं वाढलीत.’ ‘आलोच, फक्त परळीची पावणेसातची बसवतो.’

हे सगळे गेम आकाशातून खेळायचे. रूळ चुकला तरी खेळाडूच्या अंगाला ओरखडा नाही. प्रागच्या वुबे सॉफ्टवेअरचा ‘फॅक्टोरियो’ मात्र खेळाडूला पायांनी जमिनीवर उभा करतो. परग्रहावर एकटा माणूस, कारखाना उभा करायचा आहे आणि रूळही स्वतः टाकायचे आहेत. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सरळ रूळ आणि वाकडा रूळ या दोन वेगळ्या वस्तू होत्या. वाकडा हातात घ्यायचा, आर दाबून फिरवत राहायचा, आठ तऱ्हांनी तो वळायचा आणि हवी ती तऱ्हा नेहमी नुकतीच हातची गेलेली असायची, की पुन्हा सात वेळा आर. 2016 मध्ये नियोजक आला. रुळाच्या टोकाच्या हिरव्या बाणावर टिचकी मारायची आणि माउस न्यायचा तिकडे वाट उमटायची. छानच. फक्त माउस एक घर मागे गेला की तो नियोजक अख्खा फेरा मारून, स्वतःभोवती गिरकी घेऊन तिथे पोचायची योजना आखायचा आणि ती मोठ्या अभिमानाने दाखवायचा.

2024 च्या ऑक्टोबरात दुसरी मोठी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने रुळांची वळणंच नव्याने आखली, दिशा आठाच्या सोळा केल्या. जोडीच्या विस्तारात उंचावरून जाणारे रूळही दिले. आपले जुने चौक नव्या वळणांत बसत नाहीत म्हणून शौकिनांनी पुन्हा वही-पेन्सिल काढली. गाड्या तेवढ्या आधीइतक्याच गुमान धावतात आणि रुळावर उभ्या माणसाला पाहून थांबत नाहीत. धावत्या इंजिनाखाली सापडून मेलेल्या खेळाडूला या गेममध्ये रीतसर पदक मिळतं. पदकाच्या नावातच जपून पाऊल टाकण्याचा सल्ला आहे. ते मिळवायला वेगळी खटपट लागत नाही. शेवटचा सांधा जुळला की माणूस समाधानाने दोन पावलं मागे सरून आपलं काम न्याहाळतो, आणि ती दोन पावलं बहुधा शेजारच्या रुळावर पडतात.